धोट्याची चाळीस सेकंदं

मुलाखतीच्या खोलीत तिघं बसले होते. मधल्या मॅडमनी माझी फिल्म दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर थांबवली. पडद्यावर कांड्या भरणारी मावशी मान वर करून बघत होती. पुढच्याच क्षणी मागावरचा धोटा येत होता.

"इथे का कापलंत?"

"फ्लो चांगला वाटला," मी म्हणाले.

"मावशी वर बघतात, त्यानंतर काय करतात?"

मला आठवेना. ती मूळ दृश्यं मी पाहिली होती, पण एकदाच आणि घाईत. मग डाव्या बाजूचे सर शांतपणे म्हणाले, "हीच फिल्म सकाळी आम्ही दुसऱ्या एका मुलीच्या पोर्टफोलिओत पाहिली. तिने स्वतःपुढे फक्त संकलन लिहिलंय. तुमच्या पानावर मात्र दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन, तिन्ही तुमच्याच नावावर आहेत."

ही २०१४ सालची गोष्ट. त्या दिवशी माझा प्रवेश गेला. आणि जिने आठ रात्री जागून ती फिल्म कापली होती, त्या मैत्रिणीला मी तोंड कसं दाखवू, हे मला कळेना. आज मास मीडिया, फिल्म किंवा कम्युनिकेशन डिझाइनला अर्ज करणारी मुलं माझ्याकडे पोर्टफोलिओ दाखवायला येतात, तेव्हा सगळ्यात आधी मी त्यांना हीच हकिकत सांगते.

फिल्म इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग शेडवर होती, सात मिनिटांची. आमच्या गावात पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला आणि तेव्हापासून हे गाव खडखडाटातच झोपतं नि उठतं. माझे आबा त्याच शेडमध्ये जॉबर होते. माग बिघडला की कामगार त्यांना हाक मारायचे. आम्ही चौघांनी मिळून शूटिंग केलं. कॅमेरा माझ्या हातात होता, शेडमध्ये शिरायची परवानगी माझ्यामुळे मिळाली, कुणाशी बोलायचं हेही मीच ठरवलं. तेवढंच लिहिलं असतं तरी पुष्कळ होतं. पण एकाच कामापुढे नाव लिहिलं तर आपण थोडक्या दिसू, अशी भीती मला वाटली.

मुलाखत घेणाऱ्यांना चौघांची फिल्म चालते, आवडतेही, कारण या धंद्यात एकट्याने काहीच होत नाही. फक्त प्रत्येक कामाखाली तुमचा वाटा नेमका लिहा. 'चौघांची फिल्म. माझ्याकडे कॅमेरा. ध्वनी आणि संकलन इतरांचं.' अशा तीन ओळी पुरतात. त्यातून तुम्ही माणसांबरोबर कसं काम करता, तेही त्यांना कळतं.

त्याहून मोठी चूक आधीच होऊन गेली होती. फिल्म पूर्ण झाल्यावर मी कच्चं फुटेज पुसून टाकलं होतं. कार्ड भरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या लग्नाचं शूटिंग होतं. पक्की फिल्म हातात आहे, आता कच्च्याचं काय करायचं, असा माझा हिशेब होता.

आता सांगते, पक्कं काम फक्त दारापर्यंत नेतं. फोनचा कॅमेरा आज कुणालाही देखणी चित्रं देतो, ॲप एका बोटावर रंग चढवतं. मग समोरच्यांनी ओळखायचं कशावरून? तुम्ही काय घेतलं, काय टाकलं आणि का टाकलं, एवढ्यावरूनच. ते कच्च्यातच दिसतं. 'पथेर पांचाली'च्या वेळी सत्यजित राय यांच्याकडे रीतसर लिहिलेली पटकथा नव्हती. प्रसंगांची चित्रं नि टिपणं भरलेली वही होती, तीच ते निर्मात्यांपुढे ठेवत. पुढे ती त्यांनी पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयाला दिली. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल गोळा करताना काय दाखवलं? कुंडीतला वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो, ते थोडं थोडं टिपून केलेली छोटी फिल्म. त्यात ना देव होते, ना राजे. चिकाटी मात्र दिसत होती आणि हातात कला आहे हेही दिसत होतं. माझ्या मते आपल्याकडचा पहिला मोठा पोर्टफोलिओ तोच.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. पहिल्या वेळी माझ्या फाइलमध्ये बावीस कामं होती. सूर्यास्त, शनिवारवाडा, पावसातली छत्री, लग्नातले दागिने, कॉलेजच्या गॅदरिंगची पोस्टर्स. दुसऱ्या वेळी सहाच ठेवली. त्यातलं एक काम म्हणजे तीन मिनिटांचा नुसता आवाज. रात्री आमच्या गल्लीत वीज जायची त्या क्षणाचा. खडखडाट एकदम थांबतो, आणि त्यानंतर आधी कुत्रं, मग कुणाच्या तरी घरातला पाळणा, मग लांबून येणारी हाक, असं एकेक ऐकू यायला लागतं. हे पकडायला मला अकरा रात्री लागल्या. वहीत त्या अकराही रात्रींची नोंद होती. कुठे मधेच मोटारसायकल आली, कुठे मी स्वतःच खोकले, कुठे माइक वाऱ्यात धरला होता. मुलाखतीत आवाज एकदा ऐकला गेला आणि वही मात्र वीस मिनिटं या हातातून त्या हातात फिरली. प्रवेश मिळाला.

वही कसली हवी, असं मुलं विचारतात. दुकानातली साधी शंभर पानी चालेल. तारीख टाका, खाडाखोड राहू द्या, रेखाटन वाईट आलं तरी फाडू नका. मुलाखतीसाठी नवी वही आणून जुनं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढणारी मुलं मी पाहिली आहेत. असं करू नका, ते पहिल्या पानावर ओळखू येतं.

काही गोष्टी तांत्रिक आहेत, पण त्यांपायी वर्षं वाया जातात. माझ्या पहिल्या फाइलमधल्या मराठी ओळी त्यांच्या संगणकावर नुसते चौकोन म्हणून उमटल्या होत्या. मी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलं होतं आणि फाँट फाइलमध्ये बसवलाच नव्हता. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, पीडीएफ करताना फाँट एम्बेड करा आणि ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर आणि फोनवर उघडून बघा. ड्राइव्हची लिंक देत असाल तर ती ज्याला पाठवली त्याला परवानगी न मागता उघडते ना, ते स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून तपासा. शेवटच्या रात्री अपलोड करू नका. संभाषण मराठी असेल तर सबटायटल द्याच. पण ती पुस्तकी इंग्रजीत नकोत, मावशी बोलतात तसा सूर त्यात राहू द्या. त्यासाठी मला एका वाक्यापायी दोन दोन दिवस लागलेले आहेत. सिनेमातलं गाणं पार्श्वभूमीला लावलं तर गाण्याची ताकद दिसते, तुमची नाही. शिवाय त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात. आणि ज्यांचे चेहरे टिपले त्यांना विचारलं होतं का, हा प्रश्न नक्की येतो. त्याचं उत्तर खरं असू द्या.

प्रत्येक संस्थेचं माहितीपत्रक पहिल्या शब्दापासून वाचा. कुठे आधी लेखी परीक्षा असते, कुठे स्टुडिओ टेस्ट, कुठे पोर्टफोलिओ थेट मुलाखतीलाच आणायला सांगतात. पानं किती, फाइल केवढी, फिल्म किती मिनिटांची, हे जिथे लिहिलंय तिथे ते काटेकोर पाळा. गेल्या वर्षी दादाने असं केलं होतं, यावर विसंबू नका.

क्रम लावताना सगळ्यात जवळचं काम पहिलं ठेवा आणि दुसऱ्या क्रमांकाचं शेवटी. निवडताना एक करून बघा. प्रत्येक काम समोर धरून स्वतःशी मोठ्याने पाच मिनिटं बोला. ज्याच्याबद्दल दीड मिनिटात बोलणं संपतं, ते काढून टाका. माझी बावीसमधली सोळा कामं अशीच गळाली.

मैत्रिणीची मी माफी मागितली, तीही उशिराच. तिला त्याच वर्षी प्रवेश मिळाला होता. आता फिल्मच्या प्रतीवर चौघांची नावं आहेत, ज्याच्या त्याच्या कामापुढे.

आबांना मात्र मी ते फुटेज परत देऊ शकले नाही. त्यात त्यांचा एक शॉट होता, चाळीस सेकंदांचा. कांडी संपते, माग थांबतो, आबा धोट्यात नवी कांडी बसवतात, धोटा ओठांशी नेतात आणि श्वासाने सूत भोकातून ओढून घेतात. छातीला वाईट, पण जुने कामगार असंच करायचे. फिल्ममध्ये त्यातली तीनच सेकंदं आली, हात तेवढे दिसतात. मुलाखतीहून परत आले त्या रात्री त्यांनी विचारलं, "माझं ते धोट्याचं दाखीव की, समदं." मी पुसल्याचं सांगितलं. "सगळंच पुसलंस व्हय गं?" एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

वर्षभराच्या आत मालकांनी शेड विकली. चोवीस माग किलोवर भंगारात गेले. मी कॅमेरा घेऊन पोचले तेव्हा जमिनीवर नुसत्या बोल्टांच्या खुणा उरल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात आबा कुणीतरी टाकलेला धोटा रुमालात गुंडाळत होते.