*जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ उचलत नाही? खोलण्याआधी आवाज ऐका* 🚜

मृग तोंडावर आला. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरायची घाई करू नका, हे आपण दरवर्षी सांगतो. पण तेवढा पाऊस होऊन वापसा आला की हातात मोजकेच दिवस असतात. त्याच सकाळी चावी फिरवली आणि ट्रॅक्टर नुसतं 'टक' करून गप्प बसला, तर मिस्तरी शोधण्यातच दिवस जातो. म्हणून ही तपासणी आत्ताच करून घ्या.

*आधी एवढं समजून घ्या*
हेडलाइटला थोडाच करंट पुरतो. सेल्फला इंजिन फिरवायला शंभर-दोनशे अँपिअर, कधी त्याहून जास्त लागतो. त्यामुळे "दिवा लागतोय, म्हणजे बॅटरी चांगली आहे" हा हिशोब चुकतो. नळीत कचरा अडकला की ठिबकपुरतं पाणी येतं, पाट काही भरत नाही. गंजलेल्या टर्मिनलचं तसंच आहे.

*तपासणी कशी करायची*
गिअर न्यूट्रल, ब्रेक लॉक. ट्रॅक्टरच्या पुढे-मागे कुणी उभं नको. सीटवर बसा, हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. कान आवाजाकडे, डोळे दिव्याच्या उजेडाकडे.

*1) टक-टक-टक-टक, दिवे विझल्यासारखे होतात:*
बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दहापैकी बऱ्याच वेळा दुखणं इथंच असतं. मीटर असेल तर बॅटरी मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. टर्मिनल काढताना आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी लावा. पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. उन्हाळ्यात पाणी उडालेलं असतं. ते फक्त डिस्टिल्ड वॉटरनेच भरा, बोअरचं पाणी नको.

*2) काहीच आवाज नाही, दिवे जसेच्या तसे:*
करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. क्लच पूर्ण दाबून बघा, गिअर खरंच न्यूट्रलला आहे का बघा. मग फ्यूज, चावीचा स्विच आणि सोलेनॉइडवर येणारी बारीक वायर तपासा. ती वायर उंदराने कुरतडलेली किंवा निसटलेली सापडते.

*3) एकच मोठा टक, दिवे जवळपास तसेच:*
सोलेनॉइडच्या आतले पॉइंट जळाले असतील किंवा सेल्फचे कार्बन झिजले असतील. सेल्फ काढून इलेक्ट्रिशियनला दाखवा. नवा सेल्फ घेण्याआधी कार्बन, बुश आणि सोलेनॉइड बदलून भागतं का, हे विचारा.

*4) एकच टक, दिवे एकदम मंद:*
आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा. ते ठीक असेल तर सेल्फ आत जाम आहे किंवा इंजिनच जाम आहे. जोर लावू नका, मिस्तरीला बोलवा.

*5) घुर्रर्र आवाज येतो, पण इंजिन फिरत नाही:*
बेंडिक्स रिंगला धरत नाही किंवा रिंगचे दात गेले आहेत. पुन्हा पुन्हा चावी मारली तर उरलेले दातही जातील.

*अर्थिंग विसरू नका*
बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर मायनसची जाड वायर जिथे बॉडीला जोडली आहे तो नट खोला, रंग आणि गंज घासून परत आवळा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये या एका नटापायी चांगला सेल्फ विनाकारण खोलला जातो.

*आता सगळ्यात महत्त्वाचं*

🔴 *खाली उभं राहून सेल्फच्या दोन नटांवर पाना किंवा पेचकस टेकवून ट्रॅक्टर चालू करू नका.* असं केलं की चावी, क्लचचा स्विच, सगळी सुरक्षा बाजूला पडते. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे येतो, आणि आपण मागच्या मोठ्या चाकासमोरच उभे असतो. पळायला वेळ मिळत नाही. "रोजच करतो, काही होत नाही" म्हणणाऱ्यालाही एक दिवस गिअर काढायचा राहून जातो. चालू करायचं ते सीटवर बसूनच. घरातल्या पोरांना आणि सालगड्यालाही हे सांगा.

🔴 *ट्रकच्या बॅटरीवरून जंपर वायर लावण्याआधी व्होल्ट विचारा.* आपला ट्रॅक्टर 12 व्होल्टचा. बरेच मोठे ट्रक, तसेच लष्कराच्या लिलावातून आलेल्या जुन्या गाड्या 24 व्होल्टच्या असतात. सेल्फची रचना तीच, पण जोर दुप्पट. वायरिंग जळू शकतं, बॅटरी फुटू शकते.

🔴 बॅटरीजवळ बिडी, काडी नको. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा.

🔴 चावी एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. मध्ये एक-दोन मिनिटं थांबा, नाहीतर सेल्फ तापून जळतो.

*आजचं काम:* ट्रॅक्टर चालू करून बघा. आवाज वेगळा वाटला तर मोबाईलवर रेकॉर्ड करून तुमच्या मिस्तरीला पाठवा, सोबत दिवे मंद झाले की नाही तेही सांगा. येताना कोणतं सामान आणायचं ते त्याला कळेल, एक चक्कर वाचेल.

पाऊस पडायच्या आत हे उरकून घ्या. ज्यांच्याकडे जुना ट्रॅक्टर आहे त्यांना हा मेसेज जरूर पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सेलू