ई-मेल : पत्र निघते कुठून, पोहोचते कसे?



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. पुढे १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सभेने आपल्या सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. शिक्षण आणि निरोप पोहोचविण्याचे साधन, ही दोन्ही आपल्या हाती असली पाहिजेत, हा धडा त्यातून मिळतो.

आज निरोपाचे एक मोठे साधन म्हणजे ई-मेल. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीचे बोलावणे, परदेशी विद्यापीठाचे उत्तर या सर्वांना ई-मेलचा पत्ता लागतो. मंद्रूपसारख्या गावात पुष्कळदा हा पत्ता फॉर्म भरणारा दुकानदारच काढून देतो आणि पासवर्डही त्याच्याकडेच राहतो. म्हणून हे यंत्र कसे चालते, याचा थोडा अभ्यास करू.

१. थोडा इतिहास

अमेरिकेतील अभियंता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविले आणि पत्त्यात ‘अॅट’चे चिन्ह वापरले. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी पत्र पोहोचविण्याचे नियम लिहिले. त्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. भारतात १९८६ साली अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईची एनसीएसटी ही संस्था व पवईची आयआयटी सहभागी होत्या. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले.

२. पत्ता कसा वाचतात?

टपालाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. पहिला अंक विभाग सांगतो, पुढचे अंक जिल्हा व शेवटचे टपाल कार्यालय. ई-मेलच्या पत्त्यातही अशीच उतरंड असते, फक्त ती उजवीकडून वाचावी लागते. शेवटी ‘डॉट इन’ असेल तर नाव भारताच्या नोंदवहीतले. त्याच्या डावीकडे संस्थेचे नाव आणि ‘अॅट’च्या डावीकडे त्या संस्थेतील पेटी, म्हणजे व्यक्तीचे नाव.

३. दोन सर्व्हरांचे बोलणे

समजा, मंद्रूपच्या एका विद्यार्थिनीने छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयास पत्र लिहिले. तिने ‘सेंड’ दाबताच पत्र प्रथम तिच्या कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. हा झाला आपला पोस्ट ऑफिस. तो डीएनएस नावाच्या नोंदवहीला विचारतो, “या महाविद्यालयाचे टपाल कोण घेतो?” नोंदवहीतील एमएक्स ही नोंद त्याचे उत्तर देते. मग दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात :

- पहिला आपली ओळख सांगतो.
- पाठविणारा कोण ते सांगतो.
- कोणाच्या पेटीत टाकायचे ते सांगतो.
- मजकूर देतो आणि शेवटी एका ओळीत एकटाच टिंब देऊन ‘संपले’ अशी खूण करतो.

प्रत्येक वाक्याला दुसरा सर्व्हर आकड्यात उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक आहे. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे सध्या अडचण आहे, नंतर या. अशा वेळी पहिला सर्व्हर पत्र जपून ठेवतो व पुन्हा पुन्हा, सर्वसाधारणपणे चार-पाच दिवसांपर्यंत, प्रयत्न करतो. ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ठाम नकार. उदाहरणार्थ, ५५० आला तर बहुधा तशी पेटीच नसते. मग पत्र परत आल्याची सूचना आपल्याला इंग्रजीत येते. ती न वाचता पुसू नये. पत्त्यातील एका अक्षराची चूक तिथेच कळते.

भगवान बुद्धांनी सांगितलेल्या प्रतीत्यसमुत्पादाप्रमाणे येथेही एक असेल तरच पुढचे घडते. कडी कोठे तुटली हे शोधता आले, तर दैवाला दोष द्यावा लागत नाही.

४. पेटीतून पत्र काढणे

पत्र पेटीत पडल्यावर एसएमटीपीचे काम संपते. वाचण्यासाठी दोन पद्धती आहेत. पीओपी पद्धतीत पत्र साधारणतः आपल्या संगणकावर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकतात. आयमॅप पद्धतीत पत्र सर्व्हरवरच राहते, म्हणून मोबाईलवर वाचलेले पत्र दुसऱ्या संगणकावरही दिसते. मोबाईल हरवला तरी पत्रे जात नाहीत. मात्र पासवर्ड गेला, तर सारी पेटीच गेली.

५. मराठी आणि फाइली

मूळ नियमांत इंग्रजीच्या १२८ चिन्हांपुरतीच सोय होती. १९९२ साली माइम हे नियम आले आणि इतर लिप्या, छायाचित्रे, फाइली पाठविता येऊ लागल्या. यात बहुधा फाइलीचे दर तीन बाइट चार अक्षरांत लिहितात. त्यामुळे २१ एमबीची फाइल वाटेत सुमारे २८ एमबी होते आणि २५ एमबीची मर्यादा असलेला सर्व्हर ती नाकारतो. जातीच्या दाखल्याचा स्कॅन म्हणूनच लहान आकारात करावा.

६. खोटे पत्र कसे ओळखावे?

पाकिटावरचे नाव आणि आतल्या कागदावरचे नाव वेगळे असू शकते, तसेच ई-मेलमध्येही असते. मूळ एसएमटीपी पाठविणाऱ्याचे नाव तपासत नाही. पुढे तीन तपासण्या आल्या. एसपीएफ सांगते की या संस्थेच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात. डीकेआयएम ही पत्रावरची मोहर असते. डीमार्क सांगते की यात न बसणाऱ्या पत्राचे काय करावे. परंतु लबाड मनुष्य सरकारी नावासारखे दिसणारे दुसरेच नाव विकत घेतो आणि या तिन्ही तपासण्यांतून सुटतो. “शिष्यवृत्ती मंजूर झाली, आधी फी भरा” असे पत्र आले, तर ‘अॅट’च्या उजवीकडचे नाव अक्षर अक्षर वाचा. कोणी सांगितले, कागदावर लिहिले आहे, एवढ्यावरून मानू नका, स्वतः तपासा, हा कालामसुत्तातील उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो.

७. आपण काय करावे?

- प्रत्येक विद्यार्थ्याचा पत्ता स्वतःचा असावा. पासवर्ड स्वतः ठरवावा.
- दुकानात काढलेल्या पत्त्याचा पासवर्ड आजच बदलावा आणि त्यावर स्वतःचा मोबाईल नोंदवावा.
- अर्जाच्या दिवसांत ‘स्पॅम’ची पेटीही रोज पाहावी. खरे पत्र कधी कधी तेथे पडते.
- दुसऱ्याच्या संगणकावर काम झाले की ‘लॉग आउट’ करावे.

विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास शिकलेल्या मुलामुलींनी इतरांना, विशेषतः आयाबहिणींना, एवढे शिकविले तरी पुष्कळ होईल. ‘शिका’ या बाबासाहेबांच्या आदेशात आपले टपाल आपण सांभाळणेही आले.

भवतु सब्ब मंगलम्.