अस्थिजनक प्रथिन आणि त्याचा आधार

मोडलेले हाड सांधते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु स्नायूत हाड उगवावे, ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे. 1965 साली लॉस एंजेलिस येथील शल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी आम्लाच्या साहाय्याने खनिजे काढून टाकलेले हाडाचे तुकडे प्राण्यांच्या स्नायूत बसविले, तेव्हा तेथे नवे हाड तयार झाले. हाडातील या प्रेरक द्रव्याला पुढे ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’, म्हणजे अस्थिजनक प्रथिन, हे नाव मिळाले.

ते वेगळे करणे मात्र जिकिरीचे ठरले. कारण कोलॅजेनच्या अविद्राव्य जाळ्यात ते घट्ट बसलेले असते. 1981 साली टी. कुबेर संपत व ए. हरी रेड्डी या भारतातून अमेरिकेत गेलेल्या संशोधकांनी उंदरांच्या हाडांच्या भुकटीतून विद्राव्य भाग निराळा काढला. नुसत्या त्या भागाने हाड तयार होईना. उरलेल्या जाळ्यानेही होईना. दोहोंचा पुन्हा संयोग करताच हाड तयार झाले. बियाणे आणि जमीन यांचाच हा संबंध होय.

उपचारातही हेच तत्त्व पाळले जाते. जनुकतंत्राने बनविलेले बीएमपी-2 कोलॅजेनच्या स्पंजात शोषवून जागेवर ठेवतात. अमेरिकेत त्याला 2002 साली कमरेचे मणके एकमेकांशी सांधण्यासाठी आणि 2004 साली नडगीच्या उघड्या अस्थिभंगासाठी मान्यता मिळाली. त्यामुळे रुग्णाच्याच कटीचे हाड काढण्याची यातना टळू शकते. मान्यता नसताना मानेच्या मणक्यांत त्याचा वापर झाला, तेव्हा मात्र काही रुग्णांच्या गळ्याला सूज येऊन श्वास घेणे व गिळणे कठीण झाले. 2008 साली तेथील औषध प्रशासनाला तसा इशारा द्यावा लागला.