लाकडावरची अळंबी : ओळख आणि सावधगिरी

पाऊस स्थिरावला, की गोव्याच्या बाजारात पानांत बांधलेली अळमी विकावयास येतात. ती वाळवीच्या वारुळावर उगवणारी. त्यांची लागवड अद्याप मनुष्यास साधलेली नाही, म्हणून त्यांचा भाव नेहमीच चढा. त्यांची माहिती असणारे घरोघर आहेत. येथे परिचय करून द्यावयाचा आहे तो मेलेल्या लाकडावर थरावर थर येणाऱ्या धिंगरीचा. इंग्रजीत तिला कालवाचे नाव आहे, आणि खडकास चिकटलेली कालवे ज्याने पाहिली आहेत त्यास ते पटेल. हीच धिंगरी आता भाताच्या पेंढ्यावर वाढवून शहरांत विकतात; पण रानातली ओळखणे हे काम वेगळे.

पहिली गोष्ट, ती लाकडावर असली पाहिजे. मातीतून आलेली दिसल्यास बुडाशी उकरून पाहावे. खाली पुरलेले मूळ किंवा ओंडका निघाला तर ठीक. पण पेल्यासारखी पिशवी निघाली, तर हात धुऊन घरी यावे. अशी पिशवी, देठावर कडे आणि टोपीखाली पांढऱ्या पट्ट्या, ही प्राणघातक जातींची खूण होय. धिंगरीस कडे नसते, पिशवीही नसते. तिची टोपी पंख्यासारखी, पांढरी, करडी वा तपकिरी असून कोवळेपणी तिची कड आत वळलेली असते. देठ आखूड, एका बाजूस, पुष्कळदा नसल्यासारखाच. टोपीखालच्या पातळ पट्ट्या देठावर खाली उतरत गेलेल्या दिसतात.

एवढ्यावर न थांबता बीजाणूंचा ठसा घ्यावा. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घेऊन त्यावर टोपी पालथी, म्हणजे पट्ट्या खाली करून ठेवावी, वर वाटी झाकावी व रात्रभर हलवू नये. सकाळी धिंगरीचा ठसा पांढरा किंवा किंचित जांभळट उमटतो. काळा कागद घ्यावयाचा तो याचसाठी. तपकिरी वा हिरवा ठसा आल्यास ते अळंबे टाकून द्यावे. पावसाळ्यात कुरणात येणारी एक मोठी, पांढरी, खवलेदार छत्री हिरवा ठसा देते. ती खाल्ली, की काही तासांत वांत्या व जुलाब सुरू होतात.

माझी आजी अळंब्यांच्या कालवणात रुपयाचे नाणे टाकी. चांदी काळी पडली नाही, की वाढावयास घेई. आम्ही वाचलो ते नाण्यामुळे नव्हे, तर अळंबी आणणारी बाई जाणती होती म्हणून. अळंब्यांच्या विषाने चांदी काळवंडत नाही. लसूण, तांदूळ यांच्या परीक्षा तशाच निरुपयोगी, आणि किड्याने खाल्लेले ते माणसास चालते हेही खरे नाही. सर्वांत घातक विष तर उकळूनही नाहीसे होत नाही.

लाकडावरचे सगळेच निर्धोक, असेही कोणी समजू नये. जपानमध्ये धिंगरीसारखीच दिसणारी, अंधारात मंद चकाकणारी एक विषारी जात लाकडावरच येते, आणि तेथील विषबाधांत तिचा वाटा मोठा आहे. तिचा ठसाही पांढराच. देठ उभा चिरला, की आत काळसर डाग दिसतो, त्यावरून ती कळते. तेथेच कुजक्या सूचिपर्णी लाकडावर येणारी दुसरी एक पातळ पांढरी जात लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले होते. 2004 साली ती खाऊन 17 जण दगावले. बाधा झालेल्यांत मूत्रपिंडाचे रोगी पुष्कळ होते. पूर्वापार खात आलो, एवढ्याने प्रश्न मिटत नाही तो असा.

म्हणून पहिल्या वर्षी नुसती पाहावी, ठसे घ्यावेत, जाणत्याला दाखवावीत. एकही खूण जुळली नाही, तर बाकीच्या जुळल्या म्हणून मनाची समजूत घालू नये. खाताना नीट शिजवून, प्रथम थोडी खावी. मुलांना व मूत्रपिंडाच्या रोग्यांना रानातली देऊच नये. शिजवण्यापूर्वी एक-दोन अळंबी कागदात गुंडाळून वेगळी ठेवावी. घातक जातींची बाधा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होते. मग उलट्या थांबतात, एखादा दिवस बरे वाटते आणि आत यकृत नासत असते. तेव्हा बरे वाटले तरी रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि कागदातली ती अळंबी डॉक्टरांच्या हाती द्यावी.