वेल्डिंगचा धूर

ग्रिल जोडणारा वेल्डर डोळ्यांपुढे काळी काच धरतो. ती त्याला अतिनील किरणांपासून वाचवते. धुरापासून मात्र नाही.

हा धूर लाकडाच्या धुरासारखा नव्हे. विद्युत् प्रज्योतीचे तापमान सुमारे ६,००० अंश सेल्सिअस असते आणि लोखंड २,८६२ अंशांना उकळते. तेव्हा धातूची, त्यातही कांडीच्या धातूची, चक्क वाफ होते. ही वाफ थंड होताना ऑक्सिजनशी संयोग पावते व तिचे कण बनतात, बहुतेक १ मायक्रॉनहूनही लहान.

लहान कण अधिक घातक का? स्टोक्सचा नियम आठवा. कण खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला सुमारे ८ मिनिटे घेतो. १ मायक्रॉनचा सुमारे १२ तास! शिवाय मोठे कण नाकाघशात अडकतात, हे बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तोंडावरचा रुमाल त्यांना फारसा अडवत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जोडल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येऊ शकतो. तो एकदोन दिवसांत उतरतो. (कारागीर त्यावर दूध पितात. पण दूध जठरात जाते, फुप्फुसात नव्हे!) स्टेनलेस स्टीलच्या धुरातील क्रोमियम व निकेल इतक्या सहज सोडत नाहीत. वेल्डिंगच्या धुरामुळे माणसाला फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली काढला.

खरा उपाय म्हणजे धूर नाकापर्यंत येण्याआधीच जोडाजवळून खेचून बाहेर टाकणारा पंखा. छताचा पंखा तो धूर नुसता खोलीभर फिरवतो.