जिनचा धंदा करायचाय? भट्टीच्या आधी चव शिका

आजचा धडा जरा वेगळ्या विषयावर आहे. गोव्यात क्राफ्ट जिनचे ब्रँड आले आणि तेव्हापासून बऱ्याच तरुणांच्या डोक्यात एक हिशोब घोळतोय. ऑनलाईन तांब्याची छोटी भट्टी मिळते, मसाले तर आपल्याच मातीतले, मग घरीच जिन गाळून ओळखीत विकली तर काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती लहान नाही. पण "करू नका" एवढं सांगून मी थांबणार नाही. या धंद्यातलं खरं कौशल्य भट्टीत नाही, चवीत आहे. आणि चवीचा अभ्यास तुम्ही आज संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात, दारूचा एक थेंबही न वापरता, सुरू करू शकता. कसा, ते टप्प्याटप्प्याने बघू.

१. जिन म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत, जिन म्हणजे ज्युनिपरच्या सुगंधाची दारू. आधी धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून साधा, बिनवासाचा शुद्ध मद्यार्क तयार होतो. बहुतेक जिनवाले तो विकतच घेतात. त्यात ज्युनिपरची फळं, धणे, मुळं, साली असं वनस्पतींचं साहित्य टाकून पुन्हा गाळतात. या साहित्याला धंद्यात 'बोटॅनिकल्स' म्हणतात. काही जण साहित्य भिजवत ठेवण्याऐवजी वाफेच्या वाटेत टोपलीत ठेवतात. बॉम्बे सफायर अशीच बनते. नावात बॉम्बे असलं तरी ती गाळली जाते इंग्लंडमध्ये.

युरोपच्या नियमाप्रमाणे जिनमध्ये ज्युनिपरची चव वरचढ हवी आणि मद्यार्क किमान ३७.५ टक्के हवा. भारतात बऱ्याच बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं दिसतं.

ज्युनिपर आपल्याला परका नाही बरं का. आयुर्वेदात त्याला 'हपुषा' म्हणतात, काष्ठौषधीच्या दुकानात 'हाऊबेर' म्हणून मागतात. गोव्याच्या नाओ स्पिरिट्सने २०१७ मध्ये 'ग्रेटर दॅन' आणली आणि त्यानंतर हिमालयातला ज्युनिपर वापरून जी जिन काढली, तिचं नावच 'हपुसा' ठेवलं. चव, नाव आणि गोष्ट, तिन्ही एकाच वनस्पतीतून काढलं. ब्रँडिंग शिकायचं तर यातून शिका.

२. घरी गाळायची का नाही?

पहिलं कारण कायदा. दारू हा राज्यांचा विषय आहे, म्हणून प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय दारू गाळणं तर गुन्हा आहेच, पण गाळण्याच्या हेतूने भट्टी किंवा साहित्य जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. "मी फक्त मित्रांना देतो" हा बचाव चालत नाही. गोव्यात मोकळीक आहे असा समज असेल, तर तोही काढून टाका. तिथे काजूच्या फेणीची गावातली भट्टीसुद्धा अबकारी खात्याच्या परवान्याखालीच चालते.

दुसरं कारण आग. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि त्याची वाफ पेट घेते. नळीचा एक सांधा गळका निघाला आणि शेजारी गॅसची शेगडी असली, की पुढचं सांगायला नको.

तिसरं कारण मिथेनॉल. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने १०० हून अधिक माणसं दगावली. तिथे दोष मिथेनॉलचा होता. बिनपरवाना धंद्यात आणलेला मद्यार्क नक्की काय आहे, हे तपासायची सोयच नसते. आणि तुमच्या बाटलीने कुणाला इजा झाली, तर तो घाटा पैशात मोजता येत नाही.

३. केस स्टडी: लंडनचं गॅरेज

आता तुम्ही म्हणाल, मग छोट्या माणसाने यात उतरायचंच नाही का? उतरायचं, पण कसं ते सिपस्मिथकडून शिका.

सॅम गॅल्सवर्दी आणि फेअरफॅक्स हॉल हे दोन बालमित्र. २००७ मध्ये त्यांनी नोकऱ्या सोडल्या. त्यांना लंडनमध्ये लहान तांब्याच्या भट्टीवर जिन काढायची होती. अडचण अशी, की १,८०० लिटरपेक्षा लहान भट्टीला परवाना नाकारता येईल असा जुना नियम होता आणि यांची भट्टी जेमतेम ३०० लिटरची. सरकारच्या लेखी हे जवळजवळ हातभट्टीवालेच ठरत होते!

त्यांनी काय केलं? चोरून गाळत बसले नाहीत. सुमारे दोन वर्षं पाठपुरावा केला, परवाना मिळवला आणि २००९ मध्ये हॅमरस्मिथमधल्या एका गॅरेजवजा जागेत काम सुरू केलं. सोबत घेतला जॅरेड ब्राउन, जो मद्यांच्या इतिहासाचा अभ्यासक होता. म्हणजे यंत्र आणि परवान्याच्या जोडीला चवीचा जाणकार माणूस पहिल्यापासून टीममध्ये होता. त्यांच्या जिनमध्ये १० बोटॅनिकल्स आहेत. त्यांनी दार उघडल्यावर ब्रिटनमध्ये लहान जिनवाल्यांची रांग लागली. २०१६ मध्ये बीम सनटोरी या मोठ्या कंपनीने सिपस्मिथ ताब्यात घेतली.

आता स्वतःला विचारा. त्यांनी घरी गाळलेल्या बाटल्या ओळखीत विकल्या असत्या, तर विकायला काय उरलं असतं? बिनपरवाना धंद्याला बँक कर्ज देत नाही, दुकानदार माल ठेवत नाही आणि उद्या कुणी तो विकत घेत नाही. मेहनत तेवढीच, पण मालमत्ता शून्य.

४. वाफेवर काय चढतं, काय नाही

हा धड्याचा गाभा आहे, नीट वाचा.

गाळताना पदार्थातलं सगळं पलीकडे जात नाही. वाफेबरोबर उडणारं सुगंधी तेल तेवढं जातं. बाकी भांड्यात राहतं.

- रंग जात नाही. हळद टाका नाहीतर कोकम, गाळलेली जिन पाण्यासारखीच निघते.
- आंबटपणा जात नाही. कोकम, चिंच, आवळा यांची आंबट आम्लं भांड्यातच राहतात.
- गोडवा आणि मीठ जात नाही. ज्येष्ठमधाचा गोडवा मागे राहतो, वास थोडाफार येतो.
- तिखटपणा जात नाही. मिऱ्याचा वास येतो, झणका येत नाही. आल्याचं तसंच.

म्हणजे "कोकमाची जिन" ही कल्पना कागदावर झकास वाटते, पण कोकमात आपल्याला जे आवडतं, तो रंग आणि आंबटपणा, ते गाळून मिळतच नाही. उलट गवती चहा, वेलची, धणे, संत्र्याची साल, जायपत्री आणि आपलं कोकणातलं तिरफळ यांचं सगळं भांडवल सुगंधात आहे. कोणता माल भट्टीचा आणि कोणता सरबताचा, हे कळलं की तुमचे प्रयोगाचे निम्मे पैसे वाचले.

जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. बडीशेपेसारखं तेलकट साहित्य प्रमाणाबाहेर गेलं, तर पाणी मिसळताच जिन दुधाळ होते. गिऱ्हाइकाला ती खराब वाटते.

५. पातेल्याचा प्रयोग

घरी गुलाबजल काढायची जुनी पद्धत आहे, तीच वापरायची. यात फक्त पाणी. दारू, व्होडका, स्पिरिट काहीही घालायचं नाही, हे पुन्हा सांगतो.

मोठ्या पातेल्यात मधोमध कढईची रिंग ठेवा, तिच्यावर स्टीलची रिकामी वाटी. भोवती पाणी आणि एकच साहित्य घाला. धणे असतील तर जरा भरडून. पाणी वाटीत शिरणार नाही इतकंच हवं. झाकण उलटं ठेवा, म्हणजे फुगीर भाग खाली येईल, आणि वर बर्फ ठेवा. मंद आचेवर २०–२५ मिनिटं. वाफ झाकणाला लागून थंड होते आणि वाटीत थेंब पडतात. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगेत मोठ्या प्रमाणावर हेच तत्त्व वापरतात.

पहिला प्रयोग कोकमाचा करा. पातेल्यातलं पाणी लालभडक आणि वाटीतलं पांढरं, आंबटपणा नसलेलं. वरचा मुद्दा एका वाटीत समजेल. मग धणे, संत्र्याची साल, आलं, गवती चहा, मिरे, एकेक करून. सालीचा आतला पांढरा भाग काढून टाका. पातेलं प्रत्येक वेळी स्वच्छ घासा, नाहीतर आल्याचा वास धण्यात येईल.

एक लक्षात घ्या. मद्यार्क पाण्यापेक्षा तेल जास्त ओढतो, त्यामुळे जिनमध्ये चव हुबेहूब अशीच उतरणार नाही. पण नाक तयार होतं, आणि सध्या तेच हवंय. वाटीतलं पाणी फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. रानातून तोडलेलं अनोळखी फळ वापरू नका. ज्युनिपरच्या काही जाती विषारी आहेत, म्हणून माल खात्रीच्या, खाद्य दर्जाच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

६. वही ठेवा, प्रमाण मांडा

जिनची रेसिपी वजनात लिहितात, चमच्यात नाही. शिकण्यासाठी एक ढोबळ गणित असं: ज्युनिपर १०० ग्रॅम, तर धणे त्याच्या निम्मे, ५० ग्रॅम. अँजेलिकाचं मूळ, दालचिनीसारखी साल किंवा फळांच्या साली यांतलं प्रत्येकी दहावा भाग, १० ग्रॅम. अगदी तीव्र मसाले १ ग्रॅमच्या आसपास. इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

वहीत तारीख, वजन, माल कुठून घेतला, आणि चव पाच-सहा शब्दांत लिहा. मालाचा उगम का? माझ्या दुकानात धणे विकले जातात म्हणून सांगतो, सगळे धणे सारखे नसतात. आपल्याकडचे मोठ्या, लांबट दाण्याचे धणे आणि युरोपातले बारीक दाण्याचे धणे यांत तेलाचं प्रमाण बरंच वेगळं असतं, बारीक दाण्यात जास्त. परदेशी रेसिपीतले ५० ग्रॅम म्हणजे आपले ५० ग्रॅम नव्हेत.

७. मग धंदा कुठे आहे?

तीन वाटा आहेत.

पहिली, बिनदारूची. सुगंधी सरबतं, टॉनिक, मिक्सर. बेन ब्रॅन्सन या इंग्रज माणसाने घरच्या स्वयंपाकघरात लहान भट्टीवर वनस्पतींचे प्रयोग केले आणि २०१५ मध्ये 'सीडलिप' हे बिनदारूचं पेय बाजारात आणलं. २०१९ मध्ये डियाजिओने त्यात बहुमताचा हिस्सा घेतला. आपल्याकडे मुंबईची 'स्वामी' टॉनिक आणि बिनदारूची जिन-टॉनिक विकते. या वाटेला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे, आणि टिकाऊपणाची लॅब तपासणी लागते. सिंकोनाची साल घरी उकळून टॉनिक मात्र करू नका. क्विनाइन किती उतरलं ते घरी मोजता येत नाही आणि जास्त झालं तर त्रास होतो.

दुसरी वाट, पुरवठ्याची. जिनवाल्यांना स्वच्छ, वाळवलेली, एकसारख्या प्रतीची साल आणि मसाले लागतात. नागपुरी संत्र्याची साल फेकली जाते, तीच नीट सोलून, वाळवून, बॅच नंबर घालून दिली, तर तो माल झाला.

तिसरी वाट, स्वतःचा ब्रँड. यात परवाना असलेल्या डिस्टिलरीशी करार करून तिथे आपली रेसिपी काढून घ्यायची. उत्पादन शुल्क विभागाची लेबल मंजुरी, शुल्क, साठा, सगळं आलं. भांडवल मोठं लागतं, आणि टेबलावर बसताना तुमच्या हातात ती वहीच असते.

पहिल्या वाटेचं साधं कॉस्टिंग बघा. आकडे फक्त समजण्यापुरते. २०० मिलीची सरबताची बाटली: कच्चा माल १८ रुपये, बाटली-झाकण १४, लेबल ३, गॅस-वीज ४, मजुरी ११. झाले ५० रुपये. १०० पैकी १० बाटल्या खराब धरल्या, तर विकण्याजोगी बाटली साधारण ५६ रुपयांना पडते. एमआरपी १२० ठेवली आणि दुकानदाराने ३० टक्के मार्जिन घेतलं, तर तुमच्या हातात ८४. मधल्या २८ रुपयांत जीएसटी, वाहतूक आणि फुकट वाटलेली सॅम्पल्स बसवायची. बसत नसेल तर बाटली स्वस्त शोधा नाहीतर किंमत वाढवा. चव कमी करू नका.

गृहपाठ

१. या आठवड्यात पातेल्याचे पाच प्रयोग करा, सुरुवात कोकमापासून.

२. प्रत्येकाची वहीत नोंद. घरातल्या दोघांना नाव न सांगता वास द्या, ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा.

३. तीन वाटांपैकी एक निवडा आणि वरच्या पद्धतीने स्वतःचं कॉस्टिंग मांडा, बाजारात जाऊन विचारलेल्या खऱ्या भावांनी.

भट्टीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तूर्त बँकेतच राहू द्या. पाच प्रयोगांचा खर्च दोन-तीनशे रुपयांच्या वर जाणार नाही. पुढच्या धड्यात सरबताची बाटली किती दिवस टिकते ते कसं तपासायचं, हे बघू. तोवर वही तयार ठेवा.