बसून नावाचे वाद्य

नाव वाचून हसू नका. आमच्या वर्गात सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "आज बसूनची माहिती सांगतो." मागून कोणीतरी म्हणाले, "मग आम्ही बसूनच ऐकतो!" पण बसून हे युरोपातले फुंकून वाजवायचे वाद्य आहे.

माझे आजोबा सनई वाजवतात. सनईच्या तोंडाशी पत्ती असते. तिला दोन पाती असतात. फुंकले की ती थरथरतात व सूर निघतो. बसूनलाही तशीच दोन पात्यांची पत्ती असते. पण सनईचा आवाज उंच आणि बसूनचा खर्जातला. खालचा सूर हवा तर नळी लांब लागते. बसूनची नळी सुमारे २५० सेंटिमीटर असते. आपल्या वर्गाच्या दारापेक्षा जास्त! मग बोटे कशी पोचणार? माझी तर सनईच्या खालच्या भोकांवर पण पोचत नाहीत. सूर फाटतो आणि मला रडू येते.

सोळाव्या शतकात कारागिरांनी एक युक्ती काढली. एकाच लाकडात शेजारी शेजारी दोन नळ्या कोरल्या व तळाशी एकमेकींना जोडल्या. नळीची जणू घडीच घातली! त्या वाद्याला डल्शियन म्हणत. सतराव्या शतकात ते चार भाग जोडून करू लागले. तेच बसून. इटलीत त्याला फागोत्तो म्हणतात. फागोत्तो म्हणजे गाठोडे.

दुसरी युक्ती भोकांची. जाड लाकडात भोके तिरकी पाडतात. ती आत लांब लांब असतात, पण बाहेर बोटांजवळ येतात. जिथे बोट पोचत नाही तिथे धातूच्या चाव्या बसवतात. जर्मनीचे कार्ल आल्मेनरेडर यांनी भोकांच्या जागा व चाव्या सुधारल्या. १८३१ साली त्यांनी योहान आडाम हेकेल यांच्याबरोबर कारखाना काढला. आज जगात त्याच पद्धतीचे बसून जास्त वाजवतात.

रशियाचे संगीतकार प्रोकोफिएव्ह यांनी १९३६ साली मुलांसाठी 'पीटर आणि लांडगा' ही संगीतातली गोष्ट रचली. तिच्यात आजोबांसाठी बसून वाजते. गुरुजींनी ते ऐकवले. अगदी माझे आजोबा पुटपुटतात तसेच वाटले.

आता लहान हातांसाठी छोटे बसूनही करतात. हे मी घरी सांगितले. आजोबा म्हणाले, "आपल्याकडं पण सुंदरी असती की पोरी, सनईपरास बारकी. आधी तिच्यावर शिक."

सुंदरी आणली की मी शाळेत वाजवून दाखवीन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी